एस्टिमेटमधली कुत्र्याची ओळ

मी घरांची कामं करून देते. तोडफोड, लादी, प्लंबिंग, पीओपी, फर्निचर, रंग, सगळं. राहते कोलशेतला, साइट असतात माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत. नव्या घरी माप घ्यायला गेले की टेप उघडण्याआधी माझा एक प्रश्न ठरलेला असतो: घरात जनावर कोण कोण आहे? समोरच्याला वाटतं, बाई कुत्र्याला घाबरते. ‘काही करत नाही हो तो, नुसता वास घेतो,’ असं लगेच ऐकू येतं. मग सांगावं लागतं की माझ्या घरी खंड्या नावाचा रस्त्यावरून आलेला कुत्रा आहे, ठकी नावाची मांजर आहे आणि सासूबाईंच्या लव्हबर्ड्‌सचा पिंजराही आहे. मी विचारते ते कोटेशनसाठी.

घरात म्हातारा लॅब्रेडॉर आहे की माशांचा टँक, यावर माझं अर्धं वेळापत्रक ठरतं. कोणती खोली शेवटी धरायची, लाईट किती वेळ बंद ठेवायची, पॉलिश घरात मारायचं की वर्कशॉपमध्ये, हे सगळं त्यावर असतं. म्हणून माझ्या एस्टिमेटमध्ये डेब्रिज उचलण्याच्या ओळीखाली ‘प्राण्यांची व्यवस्था’ अशी एक ओळ असते. काही जण ती वाचून हसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की घराचं काम चालू असताना प्राण्याला होणारा बहुतेक त्रास वेळापत्रक लिहितानाच टाळता येतो. एकदा ब्रेकर सुरू झाला की धावपळ तेवढी हातात उरते.

कोलशेतमध्ये या विषयाला तोटा नाही. एके काळी हा रस्ता रसायनांच्या कारखान्यांचा होता. इथेच सँडोझ होती, जी पुढे क्लॅरियंट झाली, आणि बायरही होती. जवळच हवाई दलाचं केंद्र, टोकाला जुनं गाव आणि खाडी. आता कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे आहेत आणि 2024 पासून सेंट्रल पार्कही आहे. नव्या टॉवरचं पझेशन मिळालं की सगळे एकदम राहायला येत नाहीत. आज बाराव्या मजल्यावर कोणी ओटा फोडतं, पुढच्या महिन्यात सोळाव्यावर कोणी वॉर्डरोब ठोकतं. आरसीसीच्या सांगाड्यातून तो हादरा खालीवर फिरत राहतो. म्हणजे तुमच्या घरात साधा खिळाही ठोकला जात नसला, तरी तुमचं कुत्रं कुणाच्या तरी कामात भरडलं जात असतं. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं शेजाऱ्याच्या कामालाही लागू आहे.

शेवटी करायची खोली

पहिला निर्णय हा, की कोणत्या खोलीचं काम सगळ्यात शेवटी होणार. तीच प्राण्याची खोली. ती मुख्य दारापासून लांब असावी, तिला खिडकी असावी आणि जी भिंत फोडायची आहे तिला ती लागून नसावी. प्राण्याला तिथे कामाच्या सकाळी नेऊन कोंडू नका. आठवडाभर आधीपासून त्याचं जेवण, पाणी, अंथरूण तिथे हलवा. अंथरूण या काळात धुऊ नका. कुत्र्यामांजरांना घर नाकाने ओळखू येतं. मांजर येताजाता फर्निचरला गाल घासते ती आपला वास ठेवण्यासाठी. आपण सोफा बाहेर काढतो, भिंत खरवडतो, तेव्हा तिने वर्षानुवर्षं केलेल्या खुणा पुसल्या जातात. निदान मळकी गोधडी तरी तिची तिला राहू द्यावी.

मांजराच्या खोलीत लिटर ट्रे हवा, लपायला एक उघडा खोका हवा आणि चढून बसायला काहीतरी उंच हवं. कॅरियर उघडा ठेवून आतच खाऊ द्या, म्हणजे पळवून न्यायची वेळ आली तर झटापट होत नाही. मांजराच्या बाबतीत दोन गोष्टींवर बारीक लक्ष हवं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो आहे, कण्हतो आहे आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला पशुवैद्याकडे न्या. ताणामुळे बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबू शकतो आणि तो जिवावर बेततो. दुसरं म्हणजे खाणं. घाबरलेली मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साचायला लागते, विशेषतः जाड मांजरांत. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशोब मांजराला लावू नये.

आता विजेचं. इलेक्ट्रिशियन बोर्डावर काम करताना एमसीबी पाडतो. त्याला त्याची बोटं प्यारी असतात, त्याचं बरोबर आहे. पण त्या क्षणी प्राण्याच्या बंद खोलीतला पंखाही थांबतो. धूळ येऊ नये म्हणून दाराच्या फटीत कापड कोंबलेलं असतं, खिडकी लावलेली असते. ठाण्याच्या मे महिन्यात अशा खोलीत माणूस टिकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. म्हणून मी इलेक्ट्रिकलचं काम सकाळीच लावते, त्या खोलीची लाईन वेगळी असेल तर ती चालू ठेवायला सांगते, आणि ते जमणार नसेल तर कुत्र्याला तेवढा वेळ बाहेर पाठवायला लावते. ‘एक तासाचं काम आहे’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण ते मीच लोकांना सांगत असते.

त्या खोलीच्या दारावर ‘आत कुत्रा आहे’ अशी चिठ्ठी लावण्याची पद्धत आहे. साइटवर रोज नवा बिगारी येतो, चिठ्ठी कोणी वाचत नाही. कुलूप लावा आणि किल्ली घरच्याच कोणाकडे ठेवा.

फोड एकत्र करा

माणसाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत येतो आणि मांजर 60,000 च्याही पुढे जाते. ग्राइंडर किंवा लादीचा कटर किंचाळतो तेव्हा त्यातला जो बारीक भाग आपल्यापर्यंत पोचतच नाही, तोही त्यांच्या कानात शिरतो. त्यात ब्रेकरचा हादरा जमिनीतून पंजांना लागतो. कुठून येतो आहे ते कळत नाही आणि कधी थांबेल तेही कळत नाही.

आवाज कमी करणं ठेकेदाराच्या हातात फारसं नसतं. आवाजाचे दिवस कमी करणं मात्र असतं. बाथरूम एका आठवड्यात, ओटा पुढच्या, हॉलची लादी त्याच्या पुढच्या, अशी फोड विखरू देऊ नका. बाथरूम, ओटा, लादी आणि वायरिंगच्या झिऱ्या असं सगळं मोडण्याचं काम सलग लावून घ्या. मजूर एकदाच लागतात, डेब्रिजचा टेम्पो भरून जातो, त्यामुळे ठेकेदारालाही ते परवडतं. त्यानंतर गवंडी, प्लंबर, सुतार यांचा आवाज असतो, पण बहुतेक प्राणी त्याला सरावतात. तोडफोडीच्या दिवसांत खंड्या डोंबिवलीला माझ्या आईकडे जातो. तिथे त्याचे लाड होतात, वजन वाढतं आणि परत येताना तो गाडीत बसायला तयार नसतो.

बहुतेक सोसायट्यांत कामाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असते आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. ही दुपारची शांतता लहान मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली असते, पण कुत्र्यांनाही तिचा तेवढाच उपयोग होतो. फिरायला नेणं, खायला घालणं या दोन तासांत बसवा. तुमच्याकडे काम निघणार असेल तर वरच्या-खालच्या मजल्यांवर कोणाकडे प्राणी आहेत ते विचारून फोडण्याच्या तारखा आधी कळवा. त्यासाठी एक मेसेज पुरतो, आणि नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये होणारी बाचाबाची वाचते.

काही कुत्री मुळातच आवाजाला भितात. दिवाळीत बाथरूममध्ये जाऊन बसणारं कुत्रं ब्रेकरसमोर टिकणार नाही, हे गृहीत धरा. त्यांच्यासाठी पशुवैद्य औषध देऊ शकतात, पण ते कामाच्या आधी भेटून, वजन करून, एकदा शांत दिवशी देऊन पाहायचं असतं. आजोबांची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा उपाय नाही. आणि मांजराला अंगदुखी असेल म्हणून क्रोसिन देणं तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलने मांजरं मरतात.

जमिनीवर सांडलेलं

माझ्या साइटवर जमिनीवर काय पडलेलं असतं ते सांगते. ओलं सिमेंट असतं. ते इतकं दाहक असतं की गवंड्यांचे हात त्याने फाटतात. कुत्र्याचे पंजे त्यावरून गेले आणि त्याने ते चाटले की जीभही भाजते. लगेच भरपूर पाण्याने पंजे धुवायचे, वाळू द्यायचं नाही. पीओपी असतं. ते पाण्यात कालवल्यावर घट्ट होतं, आणि पोटातही घट्ट होतं. यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवताना फटीत मारतात तो फोम आणि पॉलियुरेथेनचा गोंद या दोन्हींपासून कुत्र्याला लांबच ठेवा. हा गोंद ओला असताना कुत्र्याने गिळला तर तो जठरात फुगून दगडासारखा होतो, आणि मग तो ऑपरेशन करूनच काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू आणि वॉशर असतात. जस्त पोटात विरघळून कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. संध्याकाळी साइट झाडण्याचे पैसे वेगळे लावावे लागले तरी चालतील, पण झाडूबरोबर लोहचुंबक फिरवून घ्या. सुतार ते स्वतःहून करत नाही, सांगितलं की करतो.

जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शिसं. ठाण्यात नौपाड्याला किंवा डोंबिवली पूर्वेला तीस-चाळीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम केंद्राने 2016 साली काढला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय आहे ते खरवडणाऱ्यालाही माहीत नसतं. कोरडं घासलं की त्याची भुकटी सगळीकडे बसते. माणूस ती झाडून टाकतो; मांजर मात्र अंगावर बसलेली भुकटी चाटून पोटात घेते, आणि कुत्र्याचं पिल्लू चौकटीच कुरतडतं. उलट्या, पोटदुखी, चिडकेपणा, झटके ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं आहेत. जुना रंग काढायचा असेल तर पाणी मारून ओला खरवडून घ्या, आणि तेवढे दिवस प्राणीच काय, लहान मूलही त्या घरात ठेवू नका.

तोडफोडीने उंदीर बाहेर पडतात. डक्ट उघडला, किचनच्या मागची भिंत फुटली की ते घरात शिरतात, आणि कोणीतरी कोपऱ्यात उंदरांच्या औषधाची वडी ठेवून मोकळं होतं. बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये रक्त गोठू न देणारं ब्रोमॅडिओलोन असतं. कुत्र्याने ती खाल्ली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो. उपाय आहे, के1 जीवनसत्त्वाचा, पण तो वेळेत व्हायला हवा. वाळवीच्या ट्रीटमेंटचंही तसंच. कडेने भोकं पाडून आत औषध सोडतात. ते पूर्ण वाळेपर्यंत आणि भोकं बुजेपर्यंत प्राणी बाहेर. त्यातल्या पायरेथ्रॉइड वर्गातल्या औषधांचं विष मांजरांना आणि माशांना फार लवकर बाधतं.

थिनर, टर्पेंटाइन, ॲसिड यातलं काही प्राण्याने प्यायलं तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. ते वर येताना घसा पुन्हा भाजतो किंवा थिनर फुप्फुसात उतरतं. डब्याच्या लेबलचा फोटो काढा, पशुवैद्याला फोन करा आणि निघा. कामाच्या पहिल्याच दिवशी जवळच्या दवाखान्याची वेळ, रविवारी उघडा असतो का, रात्री कुठे जायचं हे सगळं भिंतीवर लिहून ठेवायचं. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे, पण कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून परळ गाठायला किती वेळ लागतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

वास

रंगाचं काम लोकांना निरुपद्रवी वाटतं, कारण आवाज नसतो. प्राण्यांच्या बाबतीत मला त्याचीच जास्त काळजी असते. पाण्यातला इमल्शन रंग त्या मानाने बरा. ऑइल पेंट, थिनर, सनमायका चिकटवायचं रबर सोल्युशन आणि पॉलिश हे खरे त्रासदायक. मेलामाइन आणि पीयू पॉलिश गनने मारतात तेव्हा पॉलिशवाला स्वतः तोंडाला फडकं बांधतो, आणि बाजूच्या खोलीत मांजर असते. कॅबिनेटचे दरवाजे, ड्रॉवर, पलंगाची फळी हे सगळं वर्कशॉपमध्ये पॉलिश करून आणता येतं. वाहतुकीचे पैसे वाढतात, पण घरात वास येत नाही. भिंतींसाठी कमी वासाचे रंग मिळतात, ते मागा.

पिंजऱ्यातले पक्षी या बाबतीत सगळ्यात नाजूक. त्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा त्यांच्या शरीरातून एकाच दिशेने वाहत राहते. त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो, आणि विषारी वायूही तेवढाच भरपूर. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून ब्रिटिश कोळसाखाणींत कॅनरी पक्षी नेले जायचे ते याच कारणाने. माणसाला कळण्याआधी पक्षी कोसळायचा. 1986 साली तिथे यंत्रं आली आणि पक्ष्यांची त्या नोकरीतून सुटका झाली. आपल्या बाल्कनीतल्या लव्हबर्डला मात्र आपण रंगकामाच्या दिवशी त्याच नोकरीवर ठेवतो. पिंजरा बाजूच्या खोलीत सरकवणं पुरेसं नाही, तो दुसऱ्या घरी गेला पाहिजे. आमच्या सासूबाईंचे पक्षी आमच्या कामाच्या वेळी त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीकडे होते, आणि पक्ष्यांच्या तब्येतीच्या चौकशीसाठी रोज दुपारी दोन्हीकडून फोन चालायचे. काम चालू असताना स्वयंपाक कुठेतरी कोपऱ्यात इंडक्शनवर होतो; त्या गडबडीत रिकामं नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतात, हेही लक्षात ठेवा.

आता मुहूर्ताचं. आपल्याकडे सगळ्यांना घर गणपतीच्या आधी रंगवून हवं असतं. म्हणजे आषाढ-श्रावणात काम, बाहेर पाऊस, खिडक्या बंद, हवेत दमटपणा. पुट्टी वाळत नाही, रंग वाळत नाही आणि वास घरातच कोंडून राहतो. घरात प्राणी असेल तर रंग दसऱ्याच्या सुमाराला धरा. ऑक्टोबरचं ऊन रंगाला चांगलं असतं, खिडक्या उघड्या राहतात आणि दिवाळीच्या आत काम हातावेगळं होतं. गणपतीपर्यंत निदान फोड आणि लादी उरकून घ्या. बाप्पांना नव्या लादीवर जुना रंग चालतो.

टँक

मासे ओरडत नाहीत, म्हणून त्यांचा विचार शेवटी होतो. टँकचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत थिनरचा वास असेल तर तो वास बुडबुड्यांनी थेट पाण्यात जातो. टँकवर ओला कपडा टाकून पंप तसाच चालू ठेवलेला मी पाहिला आहे. त्याचा काही उपयोग नाही. पंप ज्या खोलीत ठेवाल तिथली हवा स्वच्छ हवी. मोठा टँक हलवताच येत नसेल तर नळी लांब करून पंप दुसऱ्या खोलीत किंवा बाल्कनीत ठेवा.

एमसीबीचा प्रश्न माशांनाही आहे. पंप-फिल्टर तासन्‌तास बंद पडला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. सेलवर चालणारा एअर पंप मत्स्यालयाच्या दुकानात स्वस्तात मिळतो, तो आणून ठेवा. आणि नवं प्लंबिंग झाल्यावर नळाचं पहिलं पाणी टँकमध्ये ओतू नका. पाइप जोडायच्या सोल्युशनचा अंश आणि नव्या फिटिंगमधलं तांबं दोन्ही माशांना सोसत नाहीत. काही दिवस नळ वाहू द्या.

उघडं दार, काढलेलं ग्रिल

दिवसभरात साइटचं दार किती वेळा उघडतं याची मोजदाद नाही. वाळू येते, पोती जातात, चहावाला येतो. कुत्रं पळतं ते यातल्याच एखाद्या क्षणी. मुख्य दाराच्या आत एक लहान मुलांचं गेट लावून घ्या. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा. पट्टा निसटतो म्हणून मायक्रोचिपही बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये पंधरा आकडी क्रमांक असतो आणि तो तुमच्या नावावर नोंदवायचा असतो. नोंदवला नाही तर चिप असून नसल्यासारखी.

कामगारांशी पहिल्या दिवशी बोला. ‘मॅडम, कुत्ता बांधा है ना?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. चावलं तर मजुरी बुडते ती त्यांची. कुत्र्याची ओळख मालकाने समोर उभं राहून करून द्यावी. मात्र ओळख झाली की दुसराच त्रास सुरू होतो. दुपारी डबे सुटतात आणि ज्याच्याशी दोस्ती झाली तो मिस्त्री प्रेमाने आपल्या भाजीतला घास पुढे करतो. भाजीत कांदा असतो. कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशींना घातक असतात, मांजरांना तर थोडासाही. भाकरीचा कोरडा तुकडा दे, असं सांगितलं की माणसं ऐकतात.

सगळ्यात मोठा धोका उंच टॉवरमध्ये असतो. जुनं ग्रिल काढून इनव्हिजिबल ग्रिल लावायचं ठरतं, जाळीवाला जुनं काढून जातो आणि नवं परवा लावतो. मधले दोन दिवस खिडकी उघडी. 1987 साली न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडून त्यांच्याकडे आलेल्या 132 मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातली सुमारे 90 टक्के वाचली. तेव्हापासून ‘मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उभं राहतं’ असं लोक खुशाल सांगतात. पण जी जागीच गेली त्यांना दवाखान्यात आणलंच गेलं नसणार, आणि जी आली त्यांतल्या अनेकांच्या छातीला, जबड्याला, पायांना दुखापती होत्या. जाळी काढणं आणि लावणं एकाच दिवशी व्हायला हवं, ही अट कामाच्या कागदावर लिहून घ्या.

फॉल्स सीलिंगचा शेवटचा पत्रा किंवा कपाटाची मागची फळी बसवण्याआधी घरातल्या आणि बिल्डिंगमधल्या मांजरींची हजेरी घ्या. उघडा लॉफ्ट, एसीचा खोका, बाथटबखालची पोकळी या जागा व्यायला टेकलेल्या मांजरीला फार आवडतात. रात्री भिंतीतून म्याऊ ऐकू आलं की नवंकोरं काम पुन्हा फोडावं लागतं.

इमारतीतल्या मोकळ्या कुत्र्यामांजरांचा विषय इथेच सांगते. पार्किंगमध्ये मसाला कालवतात आणि रात्री तो तसाच सोडतात. सकाळी त्यावर पंजांचे ठसे असतात. पत्रा झाकायला मिनिटही लागत नाही. आणि ‘काम चालू असेपर्यंत कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ नका’ असा फलक सोसायटीने लावला, तर कमिटीला भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 च्या फेब्रुवारीत काढलेलं परिपत्रक दाखवा. पाळीव प्राण्यांवर बंदी घालणं किंवा त्यांना लिफ्ट नाकारणं योग्य नाही, असं त्यात म्हटलं आहे. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

बाहेर ठेवायचं तर

कुत्र्याला नातेवाइकांकडे किंवा बोर्डिंगमध्ये ठेवणं सोपं, कारण त्याचं घर बऱ्याच अंशी त्याच्या माणसांत असतं. मांजराचं घर जागेत असतं; तिला बोर्डिंगपेक्षा ओळखीच्या माणसाची एक शांत खोली बरी. बोर्डिंगवाला रेबीजचं आणि इतर लसींचं कार्ड मागत नसेल तर तिथे ठेवू नका, कारण त्याने बाकीच्यांचंही मागितलेलं नसणार. लस कामाच्या आदल्या दिवशी देऊन भागत नाही, ती अंगी लागायला वेळ द्यावा लागतो. परत आणल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. आपल्या दमट हवेत गोचीडताप वर्षभर असतो. काही दिवसांनी कुत्रं मलूल झालं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या.

पुन्हा राहायला येताना

काम संपलं की घरातली बाई किंवा मोलकरीण फिनेल घेऊन बसते. लादीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिडही येतं. फिनॉलसारखे पदार्थ निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, त्यामुळे फिनेलने पुसलेल्या लादीवर चालून तिने पंजे चाटले तरी त्रास होऊ शकतो. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि शेवटी दोनदा नुसत्या पाण्याने. प्राण्याच्या अंगाला रंग लागला असेल तर थिनरने पुसू नका. पाण्याचा रंग ओला असतानाच साबणाने धुवा. ऑइल पेंटला खायचं तेल चोळून तो सैल करा आणि मग साबण लावा. वाळला असेल तर केस कापणंच बरं.

प्राण्याला सगळं घर एकदम उघडून देऊ नका. एकेक खोली, हळूहळू, त्याची गोधडी बरोबर घेऊन.

आणि एक गोष्ट जी लादी निवडतानाच ठरते. सध्या सगळ्यांना चार बाय दोनची आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाइड लादी हवी असते. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय तिच्यावर फाकतात, कंबर आणि गुडघे जातात, आणि हॉल ओलांडायला तो बिचकतो. मॅट किंवा अँटी-स्किड लादी त्याच रेंजमध्ये मिळते. बाल्कनीच्या ग्रिलच्या तारांमधलं अंतर मांजराच्या डोक्यापेक्षा कमी ठेवा. डोकं गेलं की अंग जातंच. बाथरूमच्या दाराला खाली फट ठेवा, म्हणजे लिटर ट्रेची सोय होते. हे सगळं पहिल्या मापाच्या दिवशी सांगितलंत तर मला एक पैसा जास्त लावावा लागत नाही. लादी बसल्यावर सांगितलंत, तर ती फोडायला मी पुन्हा ब्रेकर पाठवीन आणि बिलही.